टाक्याटाक्यांत: फुलपाखरू भरावं की भरू नये?

गेल्या अंकात रुमालाच्या कोपऱ्यात काढायची छोटी फुलपाखरं दाखवली आणि पंचाईत करून घेतली. टाके कसे घालायचे हे विचारणारं एकच पत्र आलं. बाकीच्यांना पडलेला प्रश्न वेगळाच: हे शुभ की अशुभ? मी भरतकाम शिकवते, पत्रिका बघत नाही. पण पन्नासेक वर्षं नक्ष्या काढताना त्या कुठून आल्या हे विचारत राहिले, त्यामुळे थोडंफार सांगता येईल.

ताई, माझ्या भाचीला मुलगी झाली. बाळंतविड्यासाठी मी मलमलचं दुपटं आणि दोन झबली शिवली, त्यांवर फुलपाखरं भरली. भाचीच्या सासूबाई फोटो बघून म्हणाल्या, फुलपाखराचं आयुष्य चार दिवसांचं, लेकराच्या अंगावर कशाला? मोबाइलवर शोधलं तर फुलपाखरू म्हणजे भाग्य आणि भरभराट. बारसं पंधरा दिवसांवर आलंय. उसवू का?
— एक मावशी, सातारा

उसवू नका. मलमलवरचं भरलेलं काम उसवलं की भोकं राहतात आणि मग ती खरोखरच अशुभ दिसतात.

मोबाइलवरचं 'भाग्य' कुठलं ते आधी सांगते. त्यातला मोठा हिस्सा चीनचा आहे आणि तो सगळा उच्चाराचा खेळ आहे. चिनी भाषेत फुलपाखरू म्हणजे साधारण 'त्ये'. सत्तर-ऐंशीच्या वयाला तिकडे जो जुना शब्द आहे, तोही 'त्ये'. मांजर म्हणजे 'माओ', आणि ऐंशी-नव्वदीच्या वयाचा शब्द जरा वेगळ्या सुरात 'माओ'च. म्हणून फुलपाखरावर टपलेलं मांजर हे चित्र तिथे वयोवृद्ध माणसाच्या वाढदिवसाला द्यायची रीत. बघणारा ते चित्र मनातल्या मनात वाचतो आणि त्याला 'उदंड आयुष्य लाभो' असं ऐकू येतं.

हे मला फार उशिरा कळलं. १९८३ साली नणंदेच्या मुलाच्या बारशाला मी एक फ्रॉकवजा झबलं भरलं होतं. नक्षी घेतली होती एका चिनी बशीवरून: गुबगुबीत मांजर, शेजारी दगडफूल, वर फुलपाखरू. तीन आठवडे डोळे फोडले. मांजराच्या मिशा एका पदराने काढल्या होत्या. सगळ्यांनी वाहवा केली. अर्थ समजला तेव्हा कपाळावर हात मारला. बारा दिवसांच्या पोराच्या छातीवर मी 'ऐंशी वर्षं पूर्ण झाल्याबद्दल अभिनंदन' लिहून पाठवलं होतं. पोरगा आता चाळिशीच्या पुढे आहे, ठणठणीत आहे. केस मात्र लवकर पिकले, त्याचं खापर कुणी माझ्यावर फोडलेलं नाही.

बाळासाठीचा चिनी नमुना वेगळाच आहे. वेलीला लागलेली लहानमोठी कलिंगडासारखी फळं आणि त्यांच्यावर फुलपाखरं. कोवळ्या फळाचा शब्द पुन्हा 'त्ये'. एका वेलीला फळामागून फळ लागत जावं तशी पिढ्यान्‌पिढ्या लेकरं होवोत, असा त्याचा अर्थ. छिंग राजवटीत राजघराण्यातल्या स्त्रियांच्या झग्यांवर ही नक्षी भरलेली असे.

आता हे सगळं आपल्या दारात कसं आलं ते ऐका. १९७१ साली मी शिवणकामाचा कोर्स करत होते, तेव्हा आम्हाला भरतकाम शिकवायला एक पारशी बाई होत्या. एकदा त्यांनी आपल्या आजीच्या पेटीतलं झबलं वर्गात आणलं. हो, त्यांच्याकडेही झबलंच म्हणतात. जांभळट रेशीम, गळ्याशी दोन फुलपाखरं, आणि पंखांवरचे ठिपके खसखशीएवढ्या गाठींचे. त्या टाक्याला त्या 'खाखो' म्हणाल्या. मी एका ठिपक्यातल्या गाठी मोजायला घेतल्या आणि तीसच्या पुढे डोळ्यांतून पाणी आलं. एकोणिसाव्या शतकात पारशी व्यापारी चीनमधल्या कँटनला जात, तिकडून भरलेलं रेशीम घरी आणत. त्यातूनच पारशी बायकांची भरलेली रेशमी साडी, गारा, आली. पुढे पाठीवर गाठोडी घेतलेले चिनी फेरीवाले मुंबईत दारोदार हिंडत, आणि पारशी बायका त्यांच्याकडून टाके शिकल्या.

पण गंमत नावांची आहे. चिनी कारागिराने काढलेले दीर्घायुष्याचे क्रौंच पक्षी इकडे झाले 'चकला-चकली', म्हणजे चिमणा-चिमणी. एका फुलाला नाव पडलं 'करोळिया', म्हणजे कोळी. लहानमोठ्या गोल ठिपक्यांना 'कांदा-पापेटा', म्हणजे कांदा-बटाटा! मी बाईंना विचारलं, या फुलपाखराचा अर्थ काय? त्या म्हणाल्या, "अर्थ शुं, दीकरी? सारुं लागे छे." म्हणजे, अर्थ कसला, पोरी? छान दिसतं. चित्र समुद्र ओलांडून आलं, उच्चार तिकडेच राहिला. आणि उच्चार गेला की त्या चित्रातला आशीर्वादही गेला. मराठीत 'फुलपाखरू' म्हटल्यावर फूल ऐकू येतं आणि पाखरू ऐकू येतं. त्यात आयुष्यही नाही आणि मरणही नाही.

आपल्या जुन्या नक्षीत तर फुलपाखराला जागाच दिसत नाही. पैठणीच्या पदरावर मोर, काठाला मुनिया, कमळ, आसावली. माझ्या आजीच्या चैत्रांगणात गौरीचा पाळणा होता, शंख, चक्र, गोपद्मं, कासव, नाग, चंद्र-सूर्य होते. फुलपाखरू नव्हतं. कुणी बंदी घातली होती अशातला भाग नाही. मोरावर सरस्वती बसली, उंदरावर गणपती बसला, फुलपाखराच्या पाठीवर बसायला कुणी देव आला नाही, एवढंच.

राहिले 'चार दिवस'. पंख फुटल्यावर बहुतेक फुलपाखरं काही आठवडे जगतात. उत्तर अमेरिकेतून मेक्सिकोच्या डोंगरांत हिवाळा काढायला जाणारी मोनार्क फुलपाखरं आठेक महिनेही जगतात. आणि अंडं, अळी, कोश हे दिवस कुणी धरतच नाही. बरं, आयुष्य कमी म्हणून नको म्हणायचं, तर जास्वंद एका दिवसात मिटते. ती गणपतीला कशी चालते?

हे सासूबाईंना ऐकवू मात्र नका. बारशाच्या घरात वादात जिंकण्यासारखा तोटा नाही. त्यापेक्षा दुपट्यावर फुलपाखरांच्या मधून एक हिरवी वेल फिरवा. देठाच्या टाक्याने काढलीत तर दोन संध्याकाळी पुरेत. दुपटं आधी त्यांच्याच हातात द्या आणि सांगा, "ही वंशवेल." वेलीला नाही म्हणणारी सासू मी अजून पाहिलेली नाही. फुलपाखरं काय, वेल असली की येणारच.

आणि शुभ-अशुभापेक्षा महत्त्वाचं: झबल्याच्या आतून, भरलेल्या भागाला मऊ मलमलचं अस्तर टाका. मागच्या गाठी बाळाच्या छातीला टोचतात. टिकली, मणी, जर काहीही लावू नका. टिकली सुटली की ती सरळ तोंडात जाते.

ताई, मी कागदाच्या पट्ट्या गुंडाळून फुलपाखरं बनवतो आणि प्रदर्शनांत विकतो. लग्नाच्या भेटीसाठी दोन फुलपाखरांची चौकट खूप खपते. सोबतच्या कार्डावर 'जोडी फुलपाखरं लावा, संसारात प्रेम वाढेल' असं छापलंय. परवा एका गिऱ्हाइकाने विचारलं, याला आधार काय? मी गप्प बसलो. काय सांगायला हवं होतं?
— वय २४, नाशिक

अरे, आधार आहे. पण तो ऐकून गिऱ्हाईक चौकट परत करेल.

जोडीच्या फुलपाखरांमागे चीनमधली ल्यांग शानपो आणि चू यिंगथाय यांची लोककथा आहे. यिंगथाय मुलाचा वेष घेऊन शिकायला जाते. शानपो तिचा जिवलग मित्र होतो, पण ती मुलगी आहे हे त्या भोळ्याच्या लक्षात येत नाही. कळतं तेव्हा तिचं लग्न दुसरीकडे ठरलेलं असतं. तो झुरून मरतो. तिची वरात त्याच्या थडग्यापाशी येते, थडगं दुभंगतं, ती आत उडी घेते आणि आतून दोन फुलपाखरं उडतात. प्रेमाची खूण म्हणून ती जोडी खरीच. पण नव्या जोडप्याच्या पलंगावर टांगताना गोष्ट शेवटापर्यंत सांगू नकोस.

तुझ्या कामाच्या जास्त जवळची रीत जपानात आहे. तिथल्या पारंपरिक लग्नात साकेच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या, दोन सुरयांना घडीच्या कागदाची फुलपाखरं बांधतात, एक नर, एक मादी. कागदाच्या घड्यांच्या कलेतले हे फार जुने प्रकार. तू कागदाचाच माणूस आहेस, लग्नाची चौकट करतोस, मग हे का नाही सांगत? कार्डावर लिही: 'जपानमध्ये लग्नाच्या विधीत कागदी फुलपाखरांची जोडी असते.' खरं आहे, छोटं आहे, आणि 'प्रेम वाढेल' ही हमीही तुझ्या गळ्यात पडत नाही. उद्या त्यांचं बिनसलं तर ती चौकट घेऊन तुझ्या स्टॉलवर यायची.

एक सूचना. फोटोत तुझी दोन्ही फुलपाखरं अगदी सारखी आहेत. खऱ्या जातींत नर-मादी पुष्कळदा वेगळे दिसतात. एक थोडं मोठं, रंगाने जरा फिकं कर. लगेच जोडी वाटेल, आत्ता जुळे वाटतात.

पारदर्शक रेझिनमध्ये खऱ्या फुलपाखराचे पंख घालून केलेली कानातली मिळतात. 'आपोआप मेलेल्या फुलपाखरांचे पंख' असं लिहिलेलं असतं. ती शुभ मानतात का? मला करून विकायची आहेत.
— पुणे

नाही. आणि शुभाचा प्रश्न नंतरचा, आधी कायद्याचा आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींमध्ये कित्येक फुलपाखरं आहेत. त्यांना मारणं तर सोडाच, मेलेल्यांचे अवयव विकणंही गुन्हा ठरतं. एक सुटा पंख बघून जात ओळखणं तुम्हाला किंवा मला जमणार नाही. आणि 'आपोआप मेलेली' फुलपाखरं अशी जोडीजोडीने, न फाटलेल्या पंखांची, शेकड्याने कुठे मिळतात हो? म्हाताऱ्या फुलपाखराचे पंख झिजून चिंध्या झालेले असतात. ऑर्गंडीच्या पातळ, कडक कापडावर पंख भरा, कडेने काजाच्या टाक्याने बंद करा, कापून घ्या. कानात अगदी हलकी बसतात.

ताई, पितृपक्षात आमच्या देवघराच्या वरच्या भिंतीवर हाताच्या पंजाएवढं तपकिरी फुलपाखरू दोन दिवस बसून होतं. पंखांवर डोळे होते. शेजारच्या काकू म्हणाल्या, घरातलं कुणी गेलेलं माणूस आलंय, हाकलू नका. आई त्याच वेळी तोरण भरत होती. तिने त्यात ते फुलपाखरू काढायला घेतलं आणि आता घाबरून अर्धवट ठेवलंय.
— चिपळूण

आईला सांगा, ते फुलपाखरूच नव्हतं. वर्णनावरून पतंग वाटतो. ओळखायची सोपी खूण मिशांत आहे: फुलपाखराच्या मिशांच्या टोकाला गाठ असते, पतंगाच्या मिशा दोऱ्यासारख्या नाहीतर पिसासारख्या असतात. पावसाळ्यात कोकणात दिव्याला असे मोठे पतंग येतात आणि दिवसा भिंतीला चिकटून झोपतात. त्याला तुमच्या देवघरात रस नव्हता, अंधारात होता.

काकूंची कल्पना मात्र एकट्या चिपळूणची नाही. ग्रीक लोकांनी जीवाला आणि फुलपाखराला एकच शब्द ठेवला होता, 'प्सिखे'. आणि काळ्या पतंगाचं तर विचारूच नका. अमेरिका खंडात एक वटवाघळासारखा मोठा काळा पतंग सापडतो. मेक्सिकोत तो आजाऱ्याच्या घरात शिरला की मरण आलं असं म्हणतात. तोच पतंग बहामा बेटांवर अंगावर बसला तर पैसे मिळणार. दक्षिण टेक्सासात दाराच्या वर बसून राहिला तर लॉटरी लागणार. आणि हवाईत तो दिसला की गेलेलं माणूस निरोप घ्यायला आलं असं समजतात. पतंग एकच, पंख तेच. फरक पडतो तो कुणाच्या दारावर बसला यानेच. चिपळूणात बसता तर काय झालं असतं, ते काकूंनी सांगितलंच आहे.

आपल्याकडे पितरांचं काम कावळ्याकडे आहे आणि तो ते चोख करतो. त्यात पतंगाची भर कशाला?

तोरण पूर्ण करायला सांगा. आईचा हात बसला असेल तर पतंगच राहू दे, डोळ्यांसकट. तसे डोळे खऱ्या पतंगालाही पाखरांना बुजवायला उपयोगी पडतात. दारावरच्या तोरणाला यापेक्षा चांगलं काय हवं? आणि भीती जात नसेल तर मिशांच्या टोकाला एकेक गाठीचा टाका घाला. झालं फुलपाखरू. काकूंना कळणारसुद्धा नाही.

आजी, मी नववीत आहे. माझ्या लहान भावाचं संक्रांतीला बोरन्हाण आहे. त्याच्या काळ्या झबल्यावर मला आपलं राज्य फुलपाखरू भरायचं आहे. शाळेत फक्त साखळी टाका, उलटी टीप आणि भरीव टाका शिकवलाय. जमेल का?
— कोल्हापूर

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. जमेल, आणि तू निवडलेलं कापड इतकं बरोबर आहे की तुला ते कळलंही नसेल.

२०१५ साली महाराष्ट्राने ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखरू केलं. असं करणारं आपलं राज्य देशात पहिलं. मराठीत त्याला नीलवंत म्हणतात, राणी पाखरूही म्हणतात. पंख उघडले की टोकापासून टोकापर्यंत १२ ते १५ सेंटिमीटर. तेवढं काढलंस तर भावाची सगळी छाती व्यापेल, म्हणून अर्ध्याहून थोडं लहान, सहा सेंटिमीटर धर. रंग काळा आणि निळा. तुझं कापड काळंच आहे. म्हणजे फुलपाखराचा अर्धा भाग दुकानदाराने आधीच भरून दिलाय. तू फक्त निळा भर.

आता कर असं. कागदाची घडी घाल, एका बाजूचे पंख काढ, घडीवरच कात्रीने काप, म्हणजे दोन्हीकडे सारखे येतील. खालच्या पंखाची कड नागमोडी ठेव, शेपटी काढू नकोस. पुष्कळजण सवयीने काढतात, नीलवंताला ती नसते. काळ्या कापडावर पिवळ्या कार्बनने छाप. पांढरा कार्बन हाताने पुसला जातो.

खालच्या पंखाचा अंगाकडचा भाग कोरा सोड, तो काळा. तिथून कडेपर्यंत फिकट निळा पट्टा, त्यात काळे ठिपके. ठिपके भरायचे नाहीत! ठिपक्याच्या जागी खडूने गोल काढ आणि त्याच्या भोवतीने भरीव टाका घाल, मधलं कापड उघडं राहील. पंखाच्या शिरांचंही तेच, दोन टाक्यांच्या रांगांमध्ये एका दोऱ्याइतकी फट ठेव. वरच्या पंखावर निळ्याच्या फक्त लांबट रेघा येतात, मधोमध, बाहेरच्या कडेकडे फाकत जाणाऱ्या. सहा पदरी दोऱ्यातले दोनच पदर घे. सगळे टाके अंगाकडून बाहेर जाऊ देत, आडवे घालू नकोस. आडवे घातले की पंख चटईसारखा दिसतो. निळ्याच्या दोन छटा मिळाल्या तर गडद आत, फिकी बाहेर. ती निळी जरा राखाडीकडे झुकणारी असते, मोरपंखी घेऊ नकोस.

अंग काळ्यावर काळं दिसणार नाही, म्हणून करड्या दोऱ्याने साखळी टाक्याची एक रांग. मिशा उलट्या टिपेच्या, आणि टोकाला गाठीचा टाका. तो तुला शाळेत शिकवला नाही. सुई कापडातून वर काढ, दोरा सुईवर दोनदा गुंडाळ, डाव्या हाताने दोरा ताणून धर आणि आली त्याच्या अगदी शेजारून सुई खाली ने. त्याच भोकातून नेलीस तर गाठ निसटून मागे जाते. पहिल्या पाच बिघडतात. चिंधीवर बिघडव.

झबल्याला हलव्याचे दागिने शिवणार असतील तर ते गळ्याशी आणि बाहीला लावायला सांग, पंखांवर नको. हलव्याची साखर विरघळली की निळा दोरा चिकट होतो. आणि शक्य असेल तर भरण्याआधी खरा नीलवंत बघ. लिंबाचं झाड कुठे आहे ते शोध. मादी अंडी घालायला तिथे येते. अळी लहान असताना पानावर पडलेल्या पाखराच्या विष्ठेसारखी दिसते. दिसली तर झटकू नकोस, तुझ्या झबल्यावरचं तेच असू शकतं.